अमळनेरचा दुसरा शनिवार

काल संध्याकाळी अमळनेरहून जळगावला परत येताना खिडकीची जागा मिळाली आणि धरणगाव येईपर्यंत हे अर्धं फोनवर टाईप करून झालं होतं, उरलेलं आज सकाळी लिहितेय. महिन्याला दोन-तीन तरी मेसेज येतातच, चोपड्यातून, शिरपूरमधून, मध्ये एक तर अक्कलकुव्यातून आला होता, की ताई मला पण लाईफ कोच व्हायचंय, बिझनेस कोच व्हायचंय, कुठला कोर्स करू, खर्च किती येतो. मी कोर्सचं सांगते, खर्चाचं पण सांगते. पण मला खरं तर उलट विचारायचं असतं की बाबा, तुझं सेशन ऐकणारं कोण आहे?

आमचं कोचचं काम, म्हणजे प्रश्न विचारत आणि ऐकत समोरच्याला त्याचं उत्तर स्वतःच सापडू देणं, बंद दाराआड चालतं. शिंप्याने ब्लाऊज बिघडवला तर बाई तो घालून दुकानात येते आणि दाखवते, की बघा काय केलंय. कोचचं सेशन फसलं तर क्लायंट "छान वाटलं मॅडम" म्हणतो, चहा पितो आणि पुढच्या वेळी येत नाही, आणि आपण समजतो की केळीचा सीझन आहे, बिझी असेल. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. पुण्यात एचआरमध्ये अकरा वर्षं काढून आले होते, ऑनलाईन कोर्स झालेला होता, सर्टिफिकेट भिंतीवर होतं. जळगावात कोचिंग म्हटलं की लोकांना नीट आणि जेईईचे क्लासच आठवतात, त्यामुळे बारावीची बॅच कधी सुरू होते असे फोन यायचे, आणि मी नेमकं काय करते हे ज्याला समजतं असा माणूस आजूबाजूला एकही नव्हता. चुकतंय का बरोबर चाललंय हे सांगणार कोण?

आम्हा कोच लोकांचा ग्रुप २०२१ च्या दिवाळीनंतर जमला. धुळ्याची एक मैत्रीण कोर्समध्ये भेटलेली, तिच्या ओळखीने नंदुरबारचे एक सर, निवृत्त मुख्याध्यापक, मग भुसावळचा एक जण आणि जळगावातलाच अजून एक. पाच झालो. भेटायचं कुठे यावर खूप दिवस घोळ चालला आणि मग नंदुरबारचे सर म्हणाले की आपली सुरत-भुसावळ लाईन बघा ना, मी पश्चिमेकडून येतो, तुम्ही पूर्वेकडून या, अमळनेर मध्ये पडतं, आणि धुळ्याहून तर रस्त्याने तास-सव्वा तासाच्या आतच. तेव्हापासून दुसरा शनिवार अमळनेर. भुसावळवाल्याच्या मावशीचं घर आहे तिथे, वरची खोली आम्हाला मिळते.

तिथे आम्ही काय करतो तर एकमेकांची सेशन्स ऐकतो. क्लायंटची लेखी परवानगी घेतलेली रेकॉर्डिंग, नाव-गाव-धंदा सगळं काढून, आणि ऐकून झालं की सगळ्यांसमोर डिलीट. आमच्याकडे ही काळजी डबल घ्यावी लागते कारण खान्देशात सगळे एकमेकांचे पाहुणे निघतात, "डाळमिलवाला, दोन भाऊ, मोठ्याचं लग्न झालेलं" एवढं जरी सांगितलं तरी समोरच्याला घर कळतं. त्यामुळे रेकॉर्डिंगमधून ओळख पटेल अशी शंका जरी आली तरी ते ऐकत नाही, मग आळीपाळीने तिघं बसतो, एक कोच, एक क्लायंट, तिसरा नुसता बघणारा. क्लायंट झालेल्याने स्वतःचा खराच प्रश्न आणायचा, नाटक नाही.

माझी पहिली रेकॉर्डिंग ऐकली तो दिवस मी विसरणार नाही. सेशन चाळीस मिनिटांचं. सर शेवटच्या बाकावर बसून वर्ग बघावा तसे भिंतीला टेकून बसले होते, हातात घड्याळ. संपल्यावर म्हणाले, ताई, तेवीस मिनिटं तुम्ही बोललात. बस एवढंच, वर काही टीका नाही. मला वाटत होतं मी किती छान ऐकते! आणि त्या तेवीस मिनिटांत होतं काय तर सल्ला. आपल्याकडे माणूस येतोच सल्ला घ्यायला, "ताई तुम्हीच सांगा काय करू", आणि असं कुणी म्हटलं की न सांगणं उद्धटपणाचं वाटतं. यावर आम्ही दोन-तीन महिने बोलत होतो. शेवटी मला जमलं ते असं, की मी म्हणते, सांगेन, पण आधी तुम्ही आत्तापर्यंत काय काय करून बघितलं ते ऐकू द्या, आणि बहुतेक वेळा ते सांगता सांगताच त्याला त्याचं सापडतं, मग माझ्या सल्ल्याची आठवण कुणाला राहत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ही कुठल्याच कोर्समध्ये मला मिळाली नाही कारण कोर्स इंग्रजीतून झाला. तिथले प्रश्न मराठीत आणले की कसेतरीच होतात. "तुम्हाला याबद्दल कसं वाटतं?" असं रावेरच्या केळी व्यापाऱ्याला विचारलं तर तो "बरं वाटतं" म्हणतो आणि विषय संपतो. "असं का केलं?" विचारलं तर मराठीत तो जाब विचारल्यासारखाच ऐकू येतो, माणूस लगेच सफाई द्यायला लागतो. "तेव्हा काय झालं होतं?" म्हटलं की तोच माणूस खुर्चीत मागे टेकतो आणि सांगायला लागतो. एका रेकॉर्डिंगमध्ये तर तरुण मुलगा वीस मिनिटं व्यवस्थित पुस्तकी मराठीत बोलत होता, टार्गेट, ग्रोथ, ब्रँडिंग, आणि मग एकदम आवाज बदलला आणि म्हणाला, "मना बाप मनं ऐकत नही." आणि मी पुढचा प्रश्न प्रमाण मराठीतच विचारला! धुळ्याच्या मैत्रिणीने तिथे रेकॉर्डिंग थांबवलं. तिची घरची भाषा अहिराणी आहे. ती म्हणाली, त्याने दार उघडलं होतं गं, तू "मंग तुले काय वाटस?" एवढं जरी विचारलं असतंस तरी पुरे होतं. मी लेवा पाटलांच्या घरातली, अहिराणी समजते पण बोलताना अडखळते, तेव्हापासून तिच्याकडून शिकतेय. हे मी माझ्या करिअरमधलं सगळ्यात महत्त्वाचं ट्रेनिंग मानते.

आता सर्टिफिकेटचं, कारण विचारणारे विचारतातच. भारतात कोच व्हायला कुठलंही सरकारी लायसन्स लागत नाही, उद्या सकाळी कुणीही बोर्ड लावू शकतो, म्हणूनच स्वतःला कुठल्यातरी मापात बसवणं गरजेचं आहे. आयसीएफ, म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, ही कोचेसची १९९५ ची संस्था, जगभर तिचं मानतात. तिच्या क्रेडेन्शियलची, म्हणजे प्रमाणपत्राची, पहिली पायरी एसीसी, तिला ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. पुढची पीसीसी, १२५ तास शिक्षण आणि ५०० तास अनुभव. सगळ्यात वरची एमसीसी, २०० आणि २५००. आणि यात १० तास मेंटर कोचिंग असतं, म्हणजे अनुभवी कोच तुमची सेशन्स ऐकून तुमच्यावर काम करतो, किमान तीन महिन्यांत पसरून, घाईने उरकायचं नाही. या १० पैकी ७ तासांपर्यंत ग्रुपमध्ये चालतात, ३ तरी वन टू वन हवेत. हे आम्हाला फार उपयोगी पडलं, कारण मेंटरची फी एकट्याला जड जाते, आम्ही ग्रुपचे तास एकत्र घेतले आणि फी वाटून घेतली. मिळालेलं क्रेडेन्शियल तीन वर्षांनी रिन्यू करावं लागतं, ४० तासांचं पुढचं शिक्षण दाखवून. सुरुवातीला मला हे पैसे काढायचे धंदे वाटायचे, आता नाही वाटत.

नेटवर्किंगबद्दल पण विचारतात. मी एका मोठ्या शहरात हॉटेलमधल्या कार्यक्रमाला गेले होते, फी भरून, दिवसभरात बरीच कार्डं गोळा केली, त्यातून एकही काम आलं नाही आणि एकही मैत्री झाली नाही. इकडे माझं काम येतं ते दोन सीएंकडून आणि एका फॅमिली डॉक्टरकडून. बाप-लेकात बिनसलंय, भागीदारीची कागदं बदलायची भाषा सुरू झालीय हे सगळ्यात आधी सीएला कळतं, नातेवाईकांच्याही आधी. पण सीए काही पहिल्या भेटीत आपल्याला माणूस देत नाही. मी वर्षभर त्यांच्या ऑफिसात जाऊन बसायचे, मार्च सोडून, त्यांच्या स्टाफसाठी दोन दुपारी फुकट सेशन्स घेतली, आणि कुठल्या प्रकारची कामं मी घेत नाही हे आधी सांगितलं. रेफरलचं कमिशन मी देत नाही आणि घेत पण नाही, कारण तसं असेल तर क्लायंटला सांगावं लागतं, आणि जळगावात एकदा ती चर्चा झाली की सीएचंही नाव जातं आणि माझंही.

एक अडचण सगळ्यांनाच येते. पैसे वडील देतात, सेशन मुलाचं असतं, आणि तिसऱ्या दिवशी वडिलांचा फोन येतो, "काय म्हणतो आमचा?" प्रेमाने विचारतात, वाईट हेतू नसतो. पहिल्यांदा मी थोडंसं सांगून बसले, एकच वाक्य, ते घरात जेवताना निघालं आणि तो मुलगा परत आला नाही. मला ते अजून लागतं. आता पहिल्या भेटीत बाप-लेक दोघांना एकत्र बसवते आणि कागदावर लिहून घेते की वडिलांना फक्त किती सेशन्स झाली ते कळेल, बाकी मुलगा स्वतः सांगेल ते. हा कागद नंदुरबारच्या सरांनी तयार करून दिला, आम्ही पाचही जण तोच वापरतो.

आणि कुठे थांबायचं तेही एकमेकांनीच शिकवलं. भुसावळवाल्याच्या एका क्लायंटला आठवडे झोप नव्हती, जगण्यात काही अर्थ नाही असं बोलायला लागला होता, आणि हा तीन सेशन्स त्याच्याबरोबर गोल सेटिंग करत होता. रेकॉर्डिंग वगैरे काही नव्हतं, त्याने नुसतं अस्वस्थ होऊन सांगितलं आणि आम्ही चौघं एकदम म्हणालो की आत्ता, या क्षणी फोन कर. त्याच दिवशी तो माणूस मानसोपचारतज्ञाकडे गेला, आज बरा आहे. तेव्हापासून प्रत्येकाच्या फोनमध्ये जवळच्या दोन डॉक्टरांचे नंबर आणि सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन टेली-मानस १४४१६ सेव्ह आहे, ती फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आपण तिथे काम करायचंच नसतं. एकटा असता तर त्याने चौथं सेशन पण घेतलं असतं, हे तो स्वतःच सांगतो.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी शिरपूरचा एक मुलगा पहिल्यांदा येणार आहे, अशाच एका मेसेजवाला, अजून जेमतेम सहा क्लायंट झालेत त्याचे. थंडी आहे तोवर बामणोदची वांगी मिळतील म्हणून भरीत मी नेतेय, कळण्याच्या भाकरी धुळ्याकडून. त्याला फोनवर सांगितलं की एक रेकॉर्डिंग आण, क्लायंटची परवानगी लेखी घे, आणि चांगलं झालेलं सेशन आणू नकोस. थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ताई, एक आहे.