आमची वाटचाल : करडाच्या पोटाचे वय आणि आमचे खाद्य

आमचा छोटा उद्योग करडांसाठी खाद्य तयार करतो. सुरुवात मोठ्या शेळ्यांच्या मिश्रखाद्यापासून झाली. करडांसाठी मागणी येऊ लागली, तेव्हा तेच खाद्य आणखी बारीक दळून लहान पिशवीत भरून द्यावे, एवढीच बहुतेक पशुपालकांची अपेक्षा होती. माझे भागीदार पशुवैद्यक आहेत. खाद्य पचवणारे सूक्ष्मजीव ज्या पोटात अजून वसलेलेच नाहीत, त्या पोटासाठी खाद्य बनवायचे असेल तर आधी ते सूक्ष्मजीव केव्हा, कुठून आणि कोणत्या क्रमाने येतात हे पाहावे लागेल, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे आमच्या उत्पादनांची विभागणी जात किंवा वजन यांवर न होता वयाच्या टप्प्यांवर झाली.

शेळीच्या पोटाला चार कप्पे असतात : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथे खरे जठर. प्रौढ शेळीत कोठीपोट सर्वांत मोठे असते. नुकत्याच जन्मलेल्या करडात मात्र चौथा कप्पा सर्वांत मोठा असतो आणि कोठीपोट लहान व निष्क्रिय असते. करडू दूध चोखू लागले की अन्ननलिकेच्या शेवटी असलेल्या स्नायूंच्या घडीची नळी बनते आणि दूध कोठीपोटाला वळसा घालून सरळ पुढे जाते. म्हणजे पहिले काही आठवडे करडू रवंथ करणाऱ्या कुळातले असले, तरी पचनाच्या दृष्टीने एकाच पोटाच्या प्राण्यासारखे वागते.

सूक्ष्मजीव मात्र वाट पाहत नाहीत. जन्ममार्ग, शेळीची कास, तिची लाळ, अंगाखालचा गवताचा थर, गोठ्याची जमीन अशा सर्व बाजूंनी ते पहिल्या दिवसापासूनच येऊ लागतात. आधी ई. कोलाय आणि स्ट्रेप्टोकोकस यांसारखे, ऑक्सिजन असला तरी आणि नसला तरी जगणारे जिवाणू स्थिरावतात. त्यांनी आतला ऑक्सिजन वापरून संपवला की ज्यांना ऑक्सिजन मुळीच सोसत नाही, अशा जिवाणूंना जागा मिळते, आणि प्रौढ शेळीच्या कोठीपोटात बहुसंख्य असतात ते हेच. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये कोकरांवर झालेल्या अभ्यासात चाऱ्याचे तंतू फोडणारे जिवाणू आणि मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव वयाच्या पहिल्या आठवड्यातच कोठीपोटात आढळले होते, म्हणजे कोकराने चारा असा खाल्लेलाही नसताना. पापणकेसांसारख्या तंतूंनी पोहणारे आदिजीव (प्रोटोझोआ) त्यानंतर येतात. ते मुख्यतः मोठ्या जनावरांच्या लाळेतून पसरतात, म्हणून जन्मापासून कळपापासून पूर्ण वेगळे ठेवलेले पिल्लू बराच काळ आदिजीवांविना राहू शकते.

या क्रमाचा आम्ही काढलेला अर्थ असा की, करडाच्या पोटात जिवाणू पोहोचवण्याची खटपट खाद्य उत्पादकाने करण्याचे कारण नाही. ते आलेलेच असतात. त्यांना काम मिळेल असे अन्न आणि ते काम चालेल अशी जागा करडाच्या पोटात वेळेवर तयार होते की नाही, हा आमच्या कामाचा भाग.

जागा कशी तयार होते, याचे उत्तर १९५० च्या दशकाच्या अखेरीस वासरांवर केलेल्या प्रयोगांतून मिळाले होते. ज्या वासरांच्या कोठीपोटात स्पंजसारखे न पचणारे पदार्थ ठेवले, त्यांचे कोठीपोट आकाराने वाढले, परंतु आतल्या भिंतीवरचे अंकुर वाढले नाहीत. मेदाम्लांचे क्षार सोडले, तेव्हा मात्र ते अंकुर वाढले. याच अंकुरांमधून पोषणद्रव्ये रक्तात शोषली जातात. सूक्ष्मजीव धान्य व चारा आंबवताना ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही मेदाम्ले सोडतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल अंकुरांच्या वाढीला विशेष चालना देते. दुधाने हे साधत नाही, कारण दूध कोठीपोटात जातच नाही. चाऱ्याच्या भाराने पोटाचा आकार व स्नायू वाढतात, धान्याच्या आंबण्याने अंकुर वाढतात, आणि करडाला दोन्ही लागतात.

म्हणून आमचे पहिले खाद्य दुसऱ्या आठवड्यापासून चिमूटभर ठेवायचे असते. करडू ते आधी नुसते हुंगते, मग चघळते, आणि पोटात जाते ते फारच थोडे, पण कामाची सुरुवात तेवढ्यानेही होते. या खाद्यात आम्ही भरडलेले धान्य वापरतो, पीठ वापरत नाही. पीठ एकदम आंबते, आम्लता झपाट्याने वाढते आणि अंकुर एकमेकांना चिकटून त्यांची त्वचा जाड होते. बारीक खाद्य पचायला सोपे, हा समज सर्वांत चिवट निघाला. काही ग्राहक त्यावरूनच आम्हाला सोडून गेले आणि आम्ही त्यांना अडवले नाही. पिशवीवर आम्ही स्वच्छ पाण्याची सूचनाही ठळक छापतो. दूध मिळते म्हणजे पाणी नको, असे अनेकांना वाटते. कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना पाणी हवे असते आणि ते दुधातून त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

आमच्या खाद्यात जिवाणू का घालत नाही, हा प्रश्न विक्रेते आजही विचारतात. कोठीपोटातील बहुतेक उपयुक्त जिवाणू हवेत टिकत नाहीत, त्यामुळे साध्या पिशवीत ते जिवंत ठेवणे शक्य नाही. आमच्या यंत्रात गोळी खाद्य तयार होताना वाफेमुळे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या उष्णतेत बॅसिलस या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कवचातली सुप्त रूपे, तग धरतात, लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू सहसा धरत नाहीत. दुधात मिसळून दिलेली भुकटी दुधाच्याच मार्गाने चौथ्या कप्प्यात उतरते. तिचा आतड्याला उपयोग होऊ शकतो, पण ती कोठीपोट घडवते असे सांगून विकणे आम्हाला पटले नाही.

बाहेरून जिवाणू देऊन काम झाल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण मात्र शेळ्यांचेच आहे. सुबाभळीत मिमोसिन नावाचे द्रव्य असते आणि ते पोटात गेल्यावर त्यापासून थायरॉइडला घातक असे दुसरे द्रव्य बनते. ऑस्ट्रेलियातील जनावरांना त्याची बाधा होई, हवाईतील शेळ्यांना होत नसे. ऑस्ट्रेलियन संशोधक रेमंड जोन्स यांनी १९८० च्या दशकात हवाईतील शेळ्यांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव ऑस्ट्रेलियातील जनावरांना दिले आणि ती बाधा टळली. ते काम करणाऱ्या जिवाणूला पुढे १९९२ मध्ये सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळाले. तिथे काम एकच व नेमके होते, ते करणारा जिवाणू त्या कळपांत नव्हता, आणि त्याला लागणारा पाला जनावरांना सतत मिळत होता. या तीन गोष्टी एकत्र आल्या की आम्हीही जिवाणूंचा विचार करू.

दूध तोडण्याच्या वेळी अनेक करडे आजारी पडतात, त्यामुळे आमचे सर्वांत जास्त बोलणे याच टप्प्यावर होते. आम्ही तारीख सांगत नाही. करडू रोज ठरलेल्या प्रमाणात खुराक खाते का, नियमित रवंथ करते का आणि त्याचे वजन जन्मवेळच्या सुमारे अडीच पट झाले आहे का, हे पाहायला सांगतो. एका खाद्यावरून दुसऱ्यावर जाताना दहा ते चौदा दिवसांत हळूहळू प्रमाण बदलायचे, कारण सूक्ष्मजीवांच्या संख्येचा समतोल नव्या अन्नाप्रमाणे बदलायला वेळ लागतो. एकदम भरपूर धान्य मिळाले, तर न पचलेला स्टार्च आतड्यात पोहोचतो आणि तिथे आधीपासून असलेला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू झपाट्याने वाढून विष सोडतो. हाच आंत्रविषार. त्याची लस वेळेवर द्यावी, हे आम्ही खाद्यासोबत आवर्जून सांगतो, जरी लस आमच्याकडे मिळत नसली तरी.

अलीकडे काही मोठे पशुपालक लेंडीची जनुकीय तपासणी करून तिचे अहवाल आमच्याकडे आणतात. लेंडीवरून मुख्यतः मोठ्या आतड्यातील वस्ती कळते. कोठीपोटातील वस्ती तिच्याहून वेगळी असते, म्हणून तेवढ्या अहवालावरून आम्ही खाद्याचे घटक बदलत नाही.

सध्या आमचे लक्ष गाभण शेळीच्या शेवटच्या सहा आठवड्यांच्या खाद्याकडे आहे. शेळीच्या वारेतून प्रतिपिंडे करडापर्यंत जात नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता पहिल्या दिवसातच ओसरते. याच काळात गर्भाची वाढ सर्वाधिक वेगाने होते आणि त्याच्या दाबाने शेळीच्या कोठीपोटाला जागा कमी उरते. त्यामुळे कमी आकारमानात पुरेशी ऊर्जा देणारे, तरीही आम्लता न वाढवणारे मिश्रण आम्ही काही कळपांत देऊन पाहत आहोत.