कुमासी: उसनं आलेलं आपलंच सोनं

घानाची राजधानी आक्रा, तिथल्या कामातून दोन दिवस मोकळे मिळाले आणि मी कुमासीची बस धरली. अंतर अडीचशे किलोमीटर, पण सहा तास धरून चाला. एसी इतका कडक की हाफ शर्टात कुडकुडायची वेळ आली. शाल हाताशी ठेवा.

कुमासी ही ज्यांच्या राज्याची राजधानी, त्या लोकांना इंग्रजांच्या उच्चारामुळे आपण 'अशांती' म्हणतो आणि मराठीत भलताच अर्थ होतो. तिथले लोक स्वतःला 'असांते' म्हणतात.

मानहिया राजवाडा म्युझियम म्हणजे साधं दुमजली घर, आवारात मोर. १८७४ मध्ये ब्रिटिशांनी कुमासी लुटून जाळली, जुना राजवाडा सुरुंग लावून उडवला. १८९६ मध्ये राजा पहिला प्रेम्पेह याला पकडून नेलं, ते अखेर सेशेल्स बेटांवर. १९२४ मध्ये तो परतला तेव्हा त्याच्यासाठी इंग्रजांनी हे घर बांधायला घेतलं, तर गडी म्हणाला, पैसे आमचे लोक फेडतील, मगच मी आत पाऊल टाकीन. मला रत्नागिरीचा थिबा राजवाडा आठवला. तो ब्रह्मदेशचा राजा मात्र परत गेलाच नाही, १९१६ मध्ये तिथेच वारला.

आत राजे-राण्यांचे हुबेहूब पुतळे आहेत; कोपऱ्यावर वळलं की दचकायला होतं. एजिसू गावची राजमाता 'या असांतेवा' (हे तिचं नाव) हिच्यापुढे मी जास्त रेंगाळलो. १९०० मध्ये ब्रिटिश गव्हर्नर हॉजसनने असांतेंचं सुवर्णासन बसायला मागितलं. त्यावर त्यांचा राजासुद्धा बसत नाही; त्यात साऱ्या लोकांचा आत्मा आहे अशी श्रद्धा, आणि ते आडवं ठेवायला त्याचं वेगळं आसन असतं. हॉजसनच्या मागणीनंतर जो उठाव झाला त्याचं नेतृत्व या बाईने केलं. तिलाही सेशेल्सला धाडलं, १९२१ मध्ये ती तिथेच गेली. आसन काही इंग्रजांच्या हाती लागलं नाही. ते इथे बघायला मिळेल या आशेने मात्र जाऊ नका.

खरी गर्दी सोन्याच्या काचपेट्यांपाशी. मे २०२४ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांच्याकडून आलेल्या ३२ वस्तू इथे मांडल्या गेल्या. त्यात राजाच्या 'आत्मशुद्धी' करणाऱ्या सेवकांनी गळ्यात घालायची चकती आहे: तळहाताएवढी, नक्षी इतकी बारीक की नाक काचेला टेकतं. पण हे सगळं तीन वर्षांच्या उसनवारीवर! लुटलेला माल ज्याचा त्याला उसना. ब्रिटिश कायद्यामुळे त्या संग्रहालयांना वस्तू कायमच्या देता येत नाहीत, म्हणे. लॉस एंजेलिसच्या फाउलर म्युझियमने त्याच वर्षी सात वस्तू कायमच्या देऊन टाकल्या, तेही बघा. आणि आपण हसायचं कारण नाही: त्याच साली, त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडून, तीनच वर्षांच्या बोलीवर वाघनखं साताऱ्याला आली. ती नेमकी कोणाची यावर आपल्याकडे वाद झाला तो वेगळा. इथे निदान तो प्रश्न नाही. तीन वर्षांची मुदत २०२७ मध्ये भरते, तेव्हा निघण्याआधी काय मांडलंय ते विचारून घ्या.

आत फोटो काढू देत नाहीत. गाईडबरोबरच फिरा, नाहीतर निम्मं हातचं जातं. दर सहा आठवड्यांनी एका रविवारी 'अक्वासिदाए' असतो, राजाचा दरबार राजवाड्याच्या आवारात भरतो. जमल्यास तारीख जुळवा. पैसे किंवा वस्तू डाव्या हाताने देऊ नका, आपल्या आजीसारखीच तिथलीही माणसं भडकतात.

दुपारी कुमासी किल्ल्याचं लष्करी संग्रहालय करा. १९०० च्या उठावात इंग्रज इथेच कोंडले गेले होते. शिक्षा झालेल्या कैद्यांच्या कोठडीत गाईड आपल्याला उभं करतो आणि दार लावून घेतो. अर्धा मिनिट असेल, पण आमच्यातला एकजण घामाघूम होऊन बाहेर आला. अंधाराचं वावडं असेल तर आधीच सांगा.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. घानात उतरताना लसीच्या दाखल्याचं ते पिवळं कार्ड लागतं, आणि भारतात परतताना नसलं तर विलगीकरणात बसवतात. बॅगेत टाकू नका, पासपोर्टातच ठेवा.