टीव्हीचा काही दोष नव्हता

रविवारी जेवण झाल्यावर म्हणलं तासभर जुना रेसिंगचा गेम खेळू, लॅपटॉप टीव्हीला जोडला, एम्युलेटर (जुन्या कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) उघडला, आणि चार वाजले तरी मी ग्राफिक्सच्या सेटिंगमध्येच. गाडी स्टार्ट लाइनवरून एकदाही सुटली नाही.

सुरुवात इंटर्नल रिझोल्यूशनपासून, म्हणजे गेमचं चित्र किती ठिपक्यांचं काढायचं ते. पहिल्या प्लेस्टेशनचं (1994 चं, ते करड्या रंगाचं) चित्र बरेचदा 320 बाय 240, म्हणजे पाऊण लाखाच्या वर थोडे ठिपके. मी हौसेने पाचपट केलं. आडवं पाचपट, उभंही पाचपट, म्हणजे ठिपके झाले पंचवीस पट, हे माझ्या आधी लॅपटॉपच्या फॅनला कळलं आणि तो पिठाच्या गिरणीसारखा सुरू झाला. गपचूप तीनवर आणलं.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "दोन्ही बाजूला काळं का आलंय रे?" म्हणलं अगं चित्र 4:3 चं आणि टीव्ही 16:9 चा, पाव स्क्रीन रिकामाच राहणार. "मग ताणून घे की." ताणलं, तर गाड्यांची चाकं अंड्यासारखी. आईला तेच आवडलं, ती जुन्या मालिका पण तशाच बघते.

पण खरी गंमत पुढे आहे, सेटिंगमधल्या पीजीएक्सपी नावाच्या एका टिक करायच्या चौकटीत.

लहानपणी नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत हाच गेम लावला की रस्त्याच्या कडा थरथरायच्या, पांढरे पट्टे जवळ आले की मध्येच मोडल्यासारखे वाकायचे. बाबांचं मत ठाम, गेममुळे टीव्ही बिघडतोय. मेकॅनिकला दोनदा बोलावलं. त्याने मागचं झाकण काढलं, ब्रशने धूळ झटकली, आत काहीतरी पिळलं, "आता बघा" म्हणाला आणि शंभर रुपये घेऊन गेला. बातम्या एकदम क्लिअर. रात्री गेम लावला की रस्ता परत शेवयांसारखा. शेवटी कन्सोल कपाटात गेला, वार्षिक परीक्षा होईपर्यंत.

तर प्रकार असा होता की गेममधला रस्ता, गाड्या सगळं छोट्या त्रिकोणांचं बनलेलं, आणि तो कन्सोल प्रत्येक त्रिकोणाचा कोपरा जवळच्या अख्ख्या पिक्सेलवर नेऊन बसवायचा, अपूर्णांक वगैरे भानगडच नाही, त्यामुळे कॅमेरा जरा सरकला की कोपरा टुणकन उडी मारायचा. वर रस्त्याचं चित्र चिकटवताना लांबचं काय आणि जवळचं काय हेही बघायचा नाही, म्हणून पट्टे वाकडे. पीजीएक्सपी ते अपूर्णांक जपून ठेवतं, लांब-जवळचाही हिशोब करतं. टिक केली, रस्ता इस्त्री केल्यासारखा. काढली, थरथर. दहा-पंधरा वेळा नुसतं तेच करत बसलो, आणि खरं सांगू का, सरळ रस्ता मला जरा परकाच वाटला.

बाबा गॅलरीत पेपर वाचत होते, त्यांना बळंच आत आणलं. टिक लावून दाखवली, काढून दाखवली, अपूर्णांक समजावले, म्हणलं बघा, टीव्ही शेवटपर्यंत ठणठणीत होता, माझा पण दोष नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन मिनिटं नीट बघितलं.

"मग त्या माणसाने शंभर रुपये कसले घेतले? तेही दोनदा?"