लटकं प्रेम

पाचव्या पानावर तिला कळतं, की बहिणीच्या लग्नाला तिचा जुना प्रियकर येणार आहे आणि तोही नव्या मैत्रिणीला घेऊन. सातव्या पानावर ती फणकाऱ्याने जाहीर करते, "मीसुद्धा एकटी येणार नाहीये." दहाव्या पानावर ती एका माणसाला गाठते. हा माणूस तिला अजिबात आवडत नसतो. तो उंच असतो, तुसडा असतो आणि का कोण जाणे, नेमका त्या शनिवार-रविवारी मोकळा असतो.

इथे मी पाठीमागची उशी सारखी करून घेते. पुढचं सगळं मला माहीत आहे.

खोटंखोटं जोडपं बनलेल्यांच्या या हलक्याफुलक्या लघुकादंबऱ्यांचा मला नाद आहे. प्रेमकथा म्हटली की शेवट गोड हवा, हा या प्रांतातला अलिखित करारच. तेव्हा 'काय होणार' ही भानगडच नसते, 'कसं होणार' एवढंच बघायचं. आणि लांबीही बेताची. विज्ञानकथांच्या नेब्युला पुरस्कारासाठी १७,५०० शब्दांपासून ४०,००० शब्दांच्या आतल्या लेखनाला 'नोव्हेला' धरतात. प्रेमकथांचंही माप साधारण तेवढंच, म्हणजे एका रात्रीत उरकणारं. सोंगाला याहून जास्त लांबी झेपत नाही असं माझं मत आहे. चारशे पानं झाली, तर वाचकच ओरडेल, "अरे, सांगून टाक ना तिला!"

सोंग ठरलं की नियम ठरतात. हात धरायचा, पण चारचौघांतच. खासगी चौकशा करायच्या नाहीत. लग्न आटोपलं की आपण आपले मोकळे. शेवटचा नियम सगळ्या पुस्तकांत एकच असतो: प्रेमात पडायचं नाही. तो मुद्दाम बजावून सांगावा लागतो यातच सगळं आलं.

मला मात्र सगळ्यांत आवडतो तो त्यानंतरचा भाग, परीक्षेच्या तयारीचा. नातेवाईक विचारणार, म्हणून दोघं एकमेकांना पाठ करायला बसतात. तुझा आवडता रंग कोणता? लहानपणी कशाला घाबरायचास? आपण पहिल्यांदा भेटलो कुठे? आर्थर अॅरन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९७ साली अनोळखी माणसांच्या जोड्यांना ३६ प्रश्न देऊन समोरासमोर बसवलं होतं. साधे प्रश्न आधी, आतले नंतर. पाऊण तासात ती माणसं एकमेकांना जवळची वाटायला लागली. आमचे नायक-नायिका नकळत तेच करत असतात. सहा उत्तरं पाठ करून होईपर्यंत सातवा प्रश्न पाठांतरासाठी राहिलेलाच नसतो.

(मी आमच्या घरी हा प्रयोग करून पाहिला. नवऱ्याला माझा आवडता रंग विचारला. "निळा?" तो म्हणाला. उत्तरापेक्षा ते प्रश्नचिन्ह मला जास्त लागलं.)

मग अर्थातच ती मुक्कामाची खोली आणि तिच्यातला एकच पलंग. याबद्दल माझी तक्रार आहे. मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी उतरले, पण आरक्षणात असा सोयीस्कर घोळ कुणी कधी घातला नाही. असो. मधोमध उशांची भिंत उभी राहते आणि सकाळी ती खाली पडलेली असते. उशांना या कथांमध्ये फार सोसावं लागतं.

मराठीत म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. पैशाचं आणि सोंगाचं आणखीही एक नातं आहे. १९५९ साली फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांनी विद्यार्थ्यांकडून तासभर अतिशय कंटाळवाणं काम करून घेतलं. मग बाहेर बसलेल्याला 'फार मजा आली' असं खोटं सांगायला लावलं. त्यासाठी काहींना २० डॉलर दिले, काहींना फक्त १. नंतर विचारलं, तर एका डॉलरवाल्यांनाच ते काम खरोखर बरं वाटलं होतं. वीसवाल्यांकडे खोटं बोलायला चांगलं कारण होतं, एकवाल्यांना ते स्वतःच्या मनात तयार करावं लागलं. आमचा तुसडा नायक तर फुकट आलेला असतो. त्याची काय बिशाद प्रेमात न पडण्याची!

आणि खोटं बोलायला कारण सापडलं, तरी सोंगात मोडता घालायला आपली भाषा आहेच. लटका राग, लटकं भांडण असं आपण म्हणतो, तेव्हा आत खरी माया असतेच. लटका म्हणजे खोटा, पण राग लटका धरायला माणूस हक्काचं लागतं. परक्यावर कोण लटकं रागावतं? मग प्रेमच लटकं असेल, तर आत काय असतं, हे या कथा मला दर वेळी नव्याने विचारायला लावतात.

मी वाट बघते ती एका जागेची. पाहुणे पांगलेले असतात, दिवे विझत असतात, बघणारं कुणीही नसतं, आणि दोघांच्या लक्षात येतं की हात अजून हातातच आहेत. चुंबनबिंबन नंतर येतं, ते मी भरभर वाचते.

परवा आमच्याकडे संध्याकाळी पाहुणे यायचे होते आणि दुपारपासून आमचं भांडण चाललं होतं. लटकं नव्हे, अस्सल. विषय कपाटाचा होता, पण खरा विषय कपाटाचा नव्हता. बेल वाजली आणि आम्ही दोघांनी क्षणात चेहरे बदलले. तो "अगं, बघ कोण आलंय" म्हणाला, मी "या या" म्हणाले. गप्पांत कुणीतरी विचारलं, तुमचं जमलं कसं? नवरा रंगात आला. पाऊस कसा कोसळत होता, बसथांब्यावर कशी गर्दी होती. "आणि याच्याकडे छत्री नव्हती," मी सवयीने जोडलं. सगळे हसले. आम्हीही हसलो, बहुतेक खरंच.

पाहुणे गेले. दार लागलं. कपबशा उचलता उचलता आठवलं की आपण बोलत नाही आहोत, पण तोवर कपाटाचं नक्की काय होतं ते नीट आठवेना.

"त्या दिवशी पाऊस नव्हता," मी म्हणाले.

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण छत्रीचं पहिल्यांदा तूच सुरू केलंस."