१३१० वर दिसेना, १५५० वर सापडलं

साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका गावापर्यंत आमची १८ किलोमीटरची ऑप्टिकल फायबरची लाइन जाते. एकाच फायबरवर दोन्हीकडचं येणं-जाणं: गावाकडून १३१० नॅनोमीटर वेव्हलेंग्थचा (तरंगलांबीचा) प्रकाश, आमच्याकडून १५५० चा. गेल्या पावसाळ्यात ती रोज रात्री पडायची आणि सकाळी आपोआप उभी राहायची. आमच्या टोकाला पोचणाऱ्या प्रकाशाची पॉवर उणे १७ डीबीएम (उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी), अगदी ठीक. गावात मात्र उणे २३, म्हणजे मॉड्यूलला (प्रकाश पाठवणारं-झेलणारं यंत्र) जेमतेम ओळखता येईल इतकाच प्रकाश. मी मॉड्यूल बदललं, कनेक्टर पुसले. फरक शून्य.

मग दोन्ही टोकांची मॉड्यूल काढून ओटीडीआर लावला, १३१० वर. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाश सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून कुठे किती गळती आहे याचा आलेख, म्हणजे ट्रेस, काढतं. ११.२ किलोमीटरवर ०.८ डीबीची पायरी, म्हणजे प्रकाशाची तेवढी घट, दिसली. जुना, जरा खराब जॉइंट असेल म्हणून मी ती सोडून दिली, आणि तिथेच माझे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी तोच ट्रेस १५५० वर घेतला. त्याच जागी तब्बल ९ डीबी! टोकदार उसळी नाही, नुसती खाली उतरलेली पायरी. जॉइंट खराब असता तर दोन्ही वेव्हलेंग्थवर साधारण सारखाच लॉस दिसला असता. फायबर आवळून वाकलं की १५५० चा प्रकाश १३१० पेक्षा कितीतरी जास्त बाहेर गळतो. त्यामुळेच एक दिशा धडधाकट आणि दुसरी मरायला टेकलेली.

गावाकडून मोजलं तर ६.९. बेरीज १८.१, जुळली. पण ओटीडीआर सांगतो ती फायबरची लांबी, रस्त्याची नव्हे. प्रत्येक चेंबरमध्ये जादा केबलचं वेटोळं असतं. ते वजा करत आम्ही एका मोरीजवळच्या चेंबरपाशी पोचलो. जॉइंट बॉक्स उघडल्याबरोबर स्प्लायसिंगवाले (फायबर जोडणारे) मामा म्हणाले, "ताई, हे बघा." निळं फायबर ट्रेच्या कडेवरून निसटून झाकणाखाली चेपलं होतं, नखाएवढ्या वळणात. रात्रीच्या गारठ्यात प्लास्टिक थोडं आकसत असणार, आणि तेवढंच पुरत असणार.

मामांनी ते बोटाच्या टोकानं उचलून खाचेत रुंद वेटोळ्यात बसवलं. पण झाकणाचे स्क्रू आवळण्याआधी त्यांनी मला स्टेशनवरच्या पोराला फोन लावायला सांगितला: ट्रेस पुन्हा घे, दोन्ही वेव्हलेंग्थवर. पायरी गेली होती. मॉड्यूल परत लावल्यावर गावात उणे १४.