तुम्ही विचारलंत म्हणून: भिंत रंगवून होतं काय?

मी गावातल्या भिंतींवर चित्रं काढते, म्हणून मला कुठेही गाठून लोक हेच विचारतात, मॅडम, ते भिंती रंगवून नेमकं होतं काय, त्यापेक्षा गटारं उपसली असती तर? लग्नात विचारतात, एसटीत विचारतात, परवा तर दाताच्या डॉक्टरने माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं. तेव्हा बोलता येत नव्हतं म्हणून आता लिहितेय.

आधी गटाराचं. तुमचं बरोबरच आहे, तुंबलेल्या गटारावर मोर काढला तर मोरालाही वास येतो. गटाराकडे परत येते.

मी शाळेत चित्रकला शिकवते, सिंधुदुर्गातल्या समुद्राकाठच्या एका गावात, शहर म्हणावं तर जेमतेम नगरपंचायत आणि गाव म्हणावं तर पार्किंगवरून भांडणं. आमची पहिली भिंत सपशेल फसली. बंदराच्या रस्त्यावरचं जुनं गोदाम, चिऱ्याचं, वर सिमेंटचा गिलावा, त्यातून खार फुटलेला, तो धड खरवडला नाही, प्रायमर नाही, आणि घरात आतून लावतात तो साधा डिस्टेंपर घेऊन आम्ही डॉल्फिन, सूर्यास्त, नारळ असं सगळं एका रविवारात उरकलं. कोकणातल्या माणसाला पुढचं सांगायलाच नको. जुलैपर्यंत पागोळ्यांनी उडवलेल्या लाल मातीने खालची दोन फूट भिंत माखली, वर पापुद्रे सुटले, गणपती येईपर्यंत डॉल्फिन शेवाळात गडप. एक डोळा तेवढा राहिला होता, तो दिवाळीपर्यंत रस्त्याकडे टक लावून होता.

पण रंग गेला त्याचं एवढं नाही वाटलं. त्या भिंतीखाली रोज मासे विकायला बसणाऱ्या बायकांपैकी एकीने सरळ सुनावलं, "गे बाय, तुझी चित्रां कोण बघतलो? माका बसाक सावली व्हयी." ते लागलं. कारण डॉल्फिन त्यांच्यासाठी काढलेलाच नव्हता, तो गाडीतून उतरून फोटो काढणाऱ्यांसाठी होता, आणि आम्ही फोटोत मध्ये येतं म्हणून त्या बायकांना थोडं सरकायला सांगितलं होतं. हो, सांगितलं होतं, मीच.

मुंबईत घाटकोपरजवळ असल्फाची टेकडीवरची वस्ती २०१७ मध्ये रंगवली, मेट्रोतून बघताना काय सुंदर दिसते, पण मला आता असं काही बघितलं की हेच सुचतं, खिडकीतल्याला छान दिसतंय, घरातल्याचं काय? त्याच वर्षी ससून डॉकला कलाप्रदर्शन झालं. डॉक १८७५ पासूनचा, तिथे राबणाऱ्या माणसांचेच मोठमोठे चेहरे भिंतींवर लावले होते, आणि मी गेले तेव्हा बाजूला बायका खाली मान घालून कोळंबी सोलत होत्या. वास तसाच, बर्फाच्या गाड्या तशाच, कोणाला सरकवलं नव्हतं असं निदान मला दिसलं. फिलाडेल्फियाचं तर सगळे सांगतात, १९८४ मध्ये भिंती खराब करणाऱ्या पोरांच्याच हातात तिथल्या पालिकेने ब्रश दिले, जेन गोल्डन या चित्रकार बाईंनी ते काम धरून ठेवलं आणि आज तिथे हजारो भित्तिचित्रं आहेत. मला त्यातल्या आकड्यापेक्षा धरून ठेवलं हे जास्त आवडतं.

माणसं येऊन बसतील, थांबतील अशी जागा घडवायची, याला प्लेसमेकिंग म्हणतात. आमच्याकडे मांड म्हणतात, फक्त त्याची कोणी पीपीटी केली नाही. एरवी मोकळी जागा, शिमग्यात तिथे आख्खं गाव. चित्रांचंही तेच, पिंगुळीची चित्रकथी बघा (तिथले कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच लोककलांसाठी), ते चित्र भिंतीला चिकटवून कोणी निघून जात नाही, एकेक चित्र पुढे धरून कथा सांगतात आणि लोक समोर बसतात. बसणं महत्त्वाचं.

म्हणून दुसऱ्या वेळी रंग आणायच्या आधी ओटा. एका मावशींना डोक्यावर भरलेली पाटी घेऊन भिंतीशी उभं केलं आणि कोणाची मदत न घेता पाटी जिथे टेकवता येईल तिथे खडूने रेघ मारली. तेवढ्या उंचीचा एक चिऱ्याचा ओटा, शेजारी बसायला बुटका कट्टा, वर पत्रा. मग चित्र, बाहेरच्या भिंतीचा रंग वापरून, आणि खालची दोन फूट मुद्दामच लाल, पावसाला काय माती उडवायची ती उडवू दे. बांगडे, तारल्या, पेडवे, सौंदाळे काढले. माझ्या पहिल्या बांगड्याला बायका इतक्या हसल्या, "ह्यो बांगडो न्हय गे, ह्यो मुंबयचो कोणतरी." शेपटीकडचे बारके पर मी विसरले होते. वीस वर्षं बांगडा खातेय आणि पर बघितले नव्हते.

कोपऱ्यात एक काळा फळा पण केला. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला कँडी चँग या कलाकार बाईंनी २०११ मध्ये पडक्या घराच्या भिंतीचा फळा करून 'मरण्याआधी मला...' एवढं लिहून खडू ठेवले होते, ती कल्पना उचलली, फक्त मरण काढून टाकलं. वर 'माका व्हया' आणि खाली रिकाम्या ओळी. पहिल्या आठवड्यात आलं ते असं: बल्ब, एसटीची खरी वेळ, वायफाय, आणि लहान अक्षरात, आयशीक सुट्टी.

बल्ब लागला. आणि गटार? बायका तिथे सावलीला दिवसभर बसायला लागल्या, मग गटार नाकाखाली आलं, मग त्यांच्यातल्याच चौघी जणी एका ऑफिसात दोन दुपारी जाऊन नुसत्या बसून राहिल्या, मासे घेऊनच. तिसऱ्या दिवशी माणसं आली. मी इतकी वर्षं अर्ज करत होते.

दर दिवाळीनंतर भिंत सुकली की रंगाचा हात फिरवायचा असतो. यंदा अडलंय ते पापलेटवर. एकीला पापलेट हवंच आहे, दुसरी म्हणते गिऱ्हाईक भाव विचारून पुढे जातं ते आणि भिंतीवर कशाला. दोघी बोलत नाहीयेत. डबे माझ्या पडवीत पडून आहेत.