मेल्तेमीच्या दिवसांतली ग्रीक बेटे

ग्रीसच्या बेटांची सहल आखताना नकाशाच्या आधी वाऱ्याचा विचार करावा, असे माझे ठाम मत झाले आहे. शेंगेन व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा तपशील द्यावा लागत असल्यामुळे आपण अथेन्स, नॅक्सोस, सँटोरिनी, क्रीट अशी साखळी घरबसल्या तारखांसकट पक्की करतो. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी हा उत्तरेकडचा कोरडा वारा एकदा सुटला की तो कधी कधी अनेक दिवस थांबत नाही.

अथेन्स पाहून पिरेअस बंदरातून आम्ही नॅक्सोसला आलो, तेव्हा समुद्र शांत होता. सँटोरिनीला निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र पोर्ताराकडे, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अर्धवट राहिलेल्या मंदिराच्या संगमरवरी दाराकडे जाणाऱ्या बांधावर लाटा फुटत होत्या आणि चालणारे लोक गुडघ्यापर्यंत भिजत होते. आमची वेगवान बोट रद्द झाल्याचे आम्हाला बोटकंपनीने कळवले नाही. कळवले ते घरमालकीणबाईंनी, त्याही रात्री दार ठोठावून. “उद्या दुपारचं मोठं जहाज जाईल, त्याची तिकिटं आत्ताच बदलून घ्या,” असे सांगून त्या फोनपाशी बसल्या, तिकिटे बदलली गेल्यावरच उठल्या आणि भात भरून भाजलेले टोमॅटो आमच्यापुढे ठेवून गेल्या. आम्ही शाकाहारी आहोत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी लक्षात ठेवले होते. जादा रात्रीचे पैसे त्यांनी अखेरपर्यंत घेतले नाहीत. असा पाहुणचार मी प्रवासात क्वचितच अनुभवला आहे.

दुसऱ्या दिवशी ते मोठे जहाज धक्क्याला पाठ करून आले. पुरते थांबण्यापूर्वीच त्याचे मागचे दार खाली येऊ लागले, दोरखंड फेकले गेले आणि उतरणारी माणसे, बटाट्यांचे ट्रक, चढणारी माणसे असा सारा व्यवहार बघता बघता उरकून जहाज निघालेही.

सँटोरिनीत ओइया गावातल्या सूर्यास्ताची गर्दी मला असह्य झाली. गल्लीत पाऊल टाकायला जागा नव्हती आणि खोलीचे भाडे नॅक्सोसच्या कित्येक पट होते. याउलट सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले आक्रोतिरी हे प्राचीन नगर, तिथली दुमजली-तिमजली घरे आणि साठवणीचे रांजण, मी अर्धा दिवस शांतपणे पाहू शकलो. क्रीटमध्ये क्नोसोसचा प्राचीन राजवाडा आणि हानिया शहराचे व्हेनिसच्या राजवटीतले बंदर धावतपळत उरकावे लागले.

वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या जहाजात जागा मिळते. पुढच्या बेटावरच्या हॉटेलचे पैसे मात्र बुडू शकतात, आणि आमचे बुडाले. म्हणून पुढच्या खेपेस बेटे दोनच, नॅक्सोस आणि अमोर्गोस, तीही सप्टेंबरच्या अखेरीस, आणि परतीच्या विमानाची आदली रात्र अथेन्समध्येच, असे आम्ही दोघांनी क्रीटमधल्या हेराक्लिओनच्या विमानतळावरच ठरवून टाकले.